१.९ मैल: आमच्या टाउनच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा रिव्ह्यू, सात वर्षं वापरून

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, घरात वह्या आणि टिश्यूच्या बॉक्सचा ढीग पडलेला असताना ईमेल आला की यंदापासून तुमच्या पत्त्याला स्कूल बस नाही. कारण घर ते शाळा अंतर १.९ मैल. दोन मैलांच्या वर असाल तर बस हक्काची, आत असाल तर ती आजवर मेहरबानी होती आणि मेहरबानी आता संपली. आमच्या गल्लीचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्या रात्री असा पेटला की गरब्याच्या पार्किंगवरून झालेलं भांडण पण त्यापुढे काहीच नाही. तर त्या १.९ मैलामुळे मी गेले दोन महिने ह्या सर्व्हिसचा, म्हणजे टाउनच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, जो अभ्यास केलाय तो इथे टाकतोय, कारण लोक एअर फ्रायरचा चार पानी रिव्ह्यू लिहितात आणि जिथे वर्षाला सगळ्यात जास्त पैसे जातात तिथला कोणीच लिहीत नाही.

आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत. टाउनचं नाव सांगत नाही, पोरगी अजून तिथेच सहावीत आहे. के.जी.पासून हाच डिस्ट्रिक्ट. स्टार पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला पाच, ऑफिसला दोन, वेबसाइटला एक आणि तो पण दया म्हणून.

आधी पैशांचं, कारण मला स्वतःला पाच वर्षं माहीत नव्हतं. घर बघत होतो तेव्हा सगळे देसी करतात तेच केलं, वेबसाइटवर शाळेचं रेटिंग बघितलं, नऊ-दहा असेल तिथेच बघायचं, आणि मग त्या रेटिंगचे पैसे घराच्या किमतीत मोजले. मला वाटलं झालं, शाळेचे पैसे दिले. नाही हो. ते फक्त एंट्री तिकीट. खरी फी दर तीन महिन्यांनी जाते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या १ तारखेला, प्रॉपर्टी टॅक्स म्हणून. मॉर्गेजच्या एस्क्रोमधून, म्हणजे बँक हप्त्यासोबत टॅक्सचे पैसे घेऊन ठेवते त्या खात्यातून, परस्पर कापला जातो म्हणून बिल कोणी उघडून बघत नाही, मी पण नव्हतं बघितलं. ह्या वेळी टाउनच्या ऑफिसातून आलेला तो लांबट कागद काढला आणि डायनिंग टेबलवर ठेवून बायकोला एकेक ओळ वाचून दाखवली. काउंटी एवढे, लायब्ररी एवढे, ओपन स्पेस म्हणजे मोकळ्या जागांसाठी थोडे, म्युनिसिपल म्हणजे पोलीस, रस्ते वगैरे एवढे, आणि मग एक ओळ 'डिस्ट्रिक्ट स्कूल', जी बाकी सगळ्यांची बेरीज केली तरी जास्त. बायको म्हणाली अरे मग हा प्रॉपर्टी टॅक्स नाहीच, ही शाळेची फी आहे आणि सोबत रस्ते फुकट. राज्यात सरासरी पण साधारण अशीच आहे, निम्म्याच्या आसपास शाळेला. आणि न्यू जर्सीचं सरासरी प्रॉपर्टी टॅक्स बिल २०२४ मध्ये पहिल्यांदा १०,००० डॉलरच्या वर गेलं, देशात आपणच पहिले, अभिमान वाटायचा का काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

गंमत म्हणजे ही फी मुलं असोत नसोत सगळ्यांना. आमच्या समोरच्या आजीबाई, नातवंडं पण कॉलेज संपवून गेलेली, त्या पण भरतात. आणि भाड्याने राहणारे म्हणतात आम्ही नाही भरत, तर मालक काय खिशातून भरतो का, ते भाड्यातच असतं.

आता चालवतं कोण. इथे बहुतेकांचा घोळ असतो, मी पण मेयरला ईमेल टाकली होती बसची. मेयरच्या ऑफिसातून एकदम गोड उत्तर आलं की शाळा आमच्याकडे नाहीत. म्हणजे टॅक्स गोळा करतं टाउन, पण त्यातला शाळेचा हिस्सा जसाच्या तसा डिस्ट्रिक्टला द्यायचा, त्यात मेयरची लुडबुड नाही. डिस्ट्रिक्ट हे वेगळंच संस्थान. त्यावर बोर्ड ऑफ एज्युकेशन, आमच्याकडे नऊ जण, तीन वर्षांची टर्म, दर नोव्हेंबरला त्यातले तीन निवडून येतात, आणि त्यांना पगार नाही, शून्य, कायद्यानेच. काही ठिकाणी मेयर नेमतो बोर्ड, पण बहुतेक टाउनमध्ये निवडणूकच. बोर्ड रोजचा कारभार बघत नाही, त्यासाठी सुपरिटेंडेंट नेमतं, आणि पैशांसाठी बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर, ज्याला सगळे बीए म्हणतात. तुम्हाला काही खरंच जाणून घ्यायचं असेल तर सुपरिटेंडेंटच्या हसऱ्या न्यूजलेटरपेक्षा बीएच्या स्लाइड बघा. कंटाळवाण्या असतात पण सगळं तिथेच असतं, आमची बस पण तिथेच होती, त्यावर येतो.

राज्यात ५६४ टाउन आणि स्कूल डिस्ट्रिक्ट सुमारे ६००, म्हणजे टाउनपेक्षा जास्त. एवढुशा राज्यात एवढी संस्थानं बघून आपल्याला सवय असल्यासारखं वाटतं.

सप्टेंबरमध्ये बाबा आले होते भारतातून. ते वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं गुरुजी होते. त्यांना म्हटलं चला तुम्हाला इथली शाळा समिती दाखवतो. मंगळवारी संध्याकाळी साडेसात, मिडल स्कूलचं कॅफेटेरिया, स्टेजवर नऊ खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, झेंडा, आणि समोर ८० खुर्च्या मांडलेल्या, त्यात आम्ही धरून साधारण ४० लोक, सगळे बस गेलेले पालक. अजेंडा ७० पानांचा. बाबांनी तो मांडीवर घेऊन पेपर तपासल्यासारखा वाचला. पेमेंटची यादी होती, बस काँट्रॅक्टर, पिझ्झा, बँडचं कुठलं तरी वाद्य दुरुस्त केल्याचं, सबस्टिट्यूट टीचर. मला म्हणाले, "अरे, हे सगळं वाचून मग हात वर करतात का?" म्हटलं नाही बाबा, सगळं एकगठ्ठा घेतात, रोल कॉल होतो आणि नऊ वेळा 'येस' म्हणून चार मिनिटांत संपतं. ते म्हणाले, "मग आमच्यासारखंच आहे, फक्त आमच्याकडे चहा असायचा."

पण त्यांना खरा धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीचा. स्लाइडवर खर्चाचा गोल होता आणि त्यात सगळ्यात मोठा तुकडा पगार आणि हेल्थ इन्शुरन्स. बाबांनी विचारलं हे पैसे कुठून, वॉशिंग्टनहून? म्हटलं नाही, केंद्राकडून अगदी थोडे येतात, थोडेफार राज्याकडून, बाकी आपल्या घराच्या टॅक्समधून. ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे घरपट्टीतून गुरुजींचा पगार?" मला ह्या सगळ्या सिस्टीमचं ह्याच्याहून चांगलं वर्णन कुठेही सापडलेलं नाही. आपल्याकडे पगार सरकारकडून, शाळा जिल्हा परिषदेची, ग्रामपंचायत फार तर भिंत रंगवून देते, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, पण त्या पालकांच्या हातात गुरुजींचा पगार नसतो. इथे उलटं. बोर्डात पालक असलेच पाहिजेत असं काही नाही, पण टाउनच्या घरपट्टीवर किती बसवायचं ते हे नऊ जण ठरवतात.

मग बाबांनी बरोबर गुरुजींचा प्रश्न विचारला, की मग गरीब गावाचं काय, जिथे घरंच स्वस्त आहेत. तर हाच प्रश्न न्यू जर्सीत ५० वर्षं कोर्टात चाललाय. राज्यघटनेत १८७५ पासून लिहिलंय की मुलांना 'थरो अँड एफिशियंट' म्हणजे परिपूर्ण आणि कार्यक्षम शिक्षणव्यवस्था द्यायची जबाबदारी राज्याची. १९७३ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध काहिल खटल्यात कोर्ट म्हणालं की नुसत्या घरपट्टीवर शाळा चालवल्या तर हे होत नाही. आमदार पैसे काढेनात, तेव्हा १९७६ च्या जुलैमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने इथल्या सगळ्या पब्लिक शाळा बंद करून टाकल्या, उन्हाळी वर्ग होते ते पण, आणि मग आठवड्याभरात राज्याचा इन्कम टॅक्स पास झाला. म्हणजे तुमच्या पेस्लिपवर जो न्यू जर्सीचा कट दिसतो ना तो शाळेपायी आलाय. पुढे १९८५ पासून अॅबट विरुद्ध बर्कचे निकाल आले एकामागून एक, त्यातून ३१ गरीब शहरी डिस्ट्रिक्टना जास्तीचा पैसा मिळायला लागला. बाबा म्हणाले, कोर्टाने शाळा बंद पाडून पैसे काढून घेतले म्हणजे भारीच.

सध्याचा फॉर्म्युला २००८ चा. राज्य आधी हिशोब करतं की तुमच्या डिस्ट्रिक्टला एवढ्या मुलांसाठी किती लागायला पाहिजेत, गरीब घरातली आणि इंग्रजी शिकणारी मुलं असतील तर वजन जास्त, मग बघतं की तुमच्या टाउनची ऐपत किती, ती निम्मी घरांच्या किमतीवरून आणि निम्मी लोकांच्या उत्पन्नावरून काढतात, आणि फरक राज्य देतं. निदान कागदावर. आमच्यासारख्या टाउनमध्ये, जिथे दर दुसऱ्या घरात दोन आयटीवाले, राज्य म्हणतं तुम्ही भरा की. २०१८ मध्ये कायदा बदलून सात वर्षांत सगळ्यांना फॉर्म्युल्याच्या आकड्यावर आणायचं ठरलं, त्यात कोणाला भरघोस मिळालं आणि कोणाचं दरवर्षी कापत गेले. जर्सी सिटीचं एवढं कापलं की त्यांनी त्याच वर्षी शाळांसाठी कंपन्यांवर १ टक्का पेरोल टॅक्स लावला. आमच्याकडे एक वर्ष वाढ, पुढच्या वर्षी घट, फेब्रुवारीच्या शेवटी गव्हर्नरचं भाषण झाल्यावर दोन दिवसांत आकडा कळतो आणि मार्चमध्ये बजेटचा मसुदा काउंटीकडे द्यायचा असतो. तीन आठवड्यांत संसार बसवा. २०२५-२६ साठी राज्याने घट ३ टक्क्यांपर्यंत आणि वाढ ६ टक्क्यांपर्यंत अडवली, बरं केलं, पण ते कळेपर्यंत आमच्या बीएचं अर्धं बजेट झालं असणार.

मग टॅक्स वाढवा ना? तर वरून २ टक्क्यांचं झाकण. २०१० मध्ये ख्रिस क्रिस्टी गव्हर्नर असताना कायदा झाला की डिस्ट्रिक्टने टॅक्समधून उचलायची एकूण रक्कम वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, हेल्थ इन्शुरन्स आणि पटसंख्या वाढली तर थोडी सूट. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये दर रविवारी एकजण तरी मला सांगतो की माझं बिल ५ टक्क्यांनी वाढलं हे बेकायदेशीर आहे. नाहीये. झाकण एकूण रकमेवर आहे, तुमच्या घरावर नाही. शेजाऱ्याच्या घराची असेसमेंट म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत कमी झाली, एखादा मॉल अपील करून जिंकला, की त्याचा हिस्सा तुमच्या अंगावर येतो. आणि बिल्डिंगसाठी लोकांनी मत देऊन जो बाँड म्हणजे कर्ज घेतलं त्याचे हप्ते ह्या झाकणाबाहेर. हे मला पण त्या ७० पानांच्या रात्रीच कळलं.

आता विचार करा, पगार, इन्शुरन्स, डिझेल सगळं २ टक्क्यांपेक्षा जास्तीने वाढतंय आणि वरून २ टक्के. मग काहीतरी कापावं लागतं आणि जे कायद्याने द्यायलाच पाहिजे ते कापता येत नाही. १८० दिवस शाळा भरलीच पाहिजे. स्पेशल एज्युकेशन म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण द्यायलाच पाहिजे, आणि ते दिलंच पाहिजे माझ्या मते, आमच्या मित्राच्या मुलाला तीन वर्षांचा असल्यापासून स्पीच थेरपी मिळतेय, एक पैसा न देता, आज तो मुलगा मराठीत पण भांडतो. १९७५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ह्याचा कायदा करताना सांगितलं होतं की ह्याच्या जादा खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत भार आम्ही उचलू, तो शब्द आजपर्यंत पूर्ण पाळलेला नाही. ती खिंड पण घरपट्टीच लढवते. मग कापायला काय उरतं, तर चौथीचं व्हायोलिन, लायब्ररीतली मदतनीस, आणि दोन मैलांच्या आतली बस, जिला खरंच 'कर्टसी बस' म्हणतात. आठवीपर्यंत २ मैल आणि हायस्कूलला २.५ मैल, त्याच्या आत राज्य काही देत नाही, बोर्डाला वाटलं तर द्या.

मी माइकपाशी गेलो. पब्लिक कॉमेंटला तीन मिनिटं, समोर ट्रॅफिक सिग्नलसारखा डब्बा, हिरवा, पिवळा, लाल. मी सांगितलं की १.९ मैल ठीक आहे पण त्यात चार लेनचा रस्ता आहे आणि फूटपाथ अर्ध्यातच संपतो. मग विचारलं, हा निर्णय कधी झाला. उत्तर तिथल्या तिथे देत नाहीत, सगळ्यांचं संपल्यावर देतात. शेवटी बीए शांतपणे म्हणाले की हे मार्चच्या प्रेझेंटेशनमध्ये होतं आणि एप्रिलच्या शेवटी पब्लिक हिअरिंग झालं तेव्हा पण होतं. घरी येऊन बघितलं, खरंच होतं, स्लाइड २३, बारीक अक्षरात 'ट्रान्सपोर्टेशन एफिशियन्सीज'. हिअरिंगचा व्हिडिओ पण आहे. समोरच्या खुर्च्या मोजल्या, सहा माणसं, त्यातला एक कॅमेरावाला. म्हणजे आम्ही ४० जण सप्टेंबरमध्ये भांडायला गेलो आणि दुकान एप्रिलमध्येच बंद झालं होतं. पूर्वी तरी हे बजेट एप्रिलमध्ये लोकांच्या मताला टाकायचे, २०१० मध्ये तर निम्म्याहून जास्त बजेटं लोकांनी पाडली होती, पण २०१२ पासून ज्या डिस्ट्रिक्टने निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेली त्यांचं बजेट २ टक्क्यांच्या आत असेल तर मतदान नाहीच, बोर्डाने पास केलं की पास.

ऑफिसला दोन स्टार ह्याचसाठी. बेकायदा काही केलं नाही त्यांनी, पण ज्यांची बस जाणार ते पत्ते त्यांना मार्चमध्ये माहीत होते आणि ईमेल ऑगस्टमध्ये आली.

आणि मत म्हणाल तर मला ते नाहीच आहे. १२ वर्षं झाली इथे, एच वन बीवरून ग्रीन कार्डच्या रांगेत, ती रांग तुम्हाला माहितीये. टॅक्स पूर्ण भरतो, बोर्डाला मत देता येत नाही, उभं राहता येत नाही, त्याला सिटिझन लागतं. आमच्या गल्लीत निम्मी घरं अशीच. नेवार्कमध्ये २०२५ पासून १६ वर्षांची मुलं स्कूल बोर्डाला मत देतात, म्हणजे आम्ही तिथे राहत असतो तर अजून काही वर्षांत माझ्याआधी माझ्या पोरीने मत दिलं असतं. पण हे पण खरं की नाव घालायला गेलो होतो तेव्हा व्हिसा कुठला हे कोणी विचारलं नाही, विचारता येतच नाही, लीज, विजेचं बिल, लसींचा कागद, झालं, सोमवारपासून या. आणि ते तीन मिनिटांचं माइक सगळ्यांना आहे, तिथे पासपोर्ट बघत नाहीत.

जे चांगलं आहे ते मनापासून चांगलं आहे. पोरीच्या तिसरीच्या बाईंनी तिला ओरडून नाही तर रोज दुपारी दहा मिनिटं शेजारी बसवून वाचायला लावलं. दिवाळीला सुट्टी आहे, ती पण बोर्डानेच कॅलेंडरमध्ये घातली, काही वर्षं पालक माइकवर जाऊन मागत होते म्हणून. ते लोक मार्चमध्ये पण जायचे बहुतेक.

सध्या आम्ही पैसे देऊन बस घेतोय, सबस्क्रिप्शन, वर्षाचे काहीशे डॉलर, ते पण लॉटरी लागली म्हणून. समोरच्या घराला नाही लागली, त्या वहिनी रोज कॉल म्यूटवर टाकून दोघांच्या मुलांना संध्याकाळी घेऊन येतात आणि सकाळी माझी पोर बसने जाते म्हणून मी त्यांच्या मुलाला कारने सोडतो, हिशोब कोणालाच नीट लागत नाही.

आणि एक राहिलं. अंतर मोजायचा नियम असा आहे की घराच्या दारापासून शाळेच्या सगळ्यात जवळच्या पब्लिक एंट्रन्सपर्यंत, सगळ्यात छोट्या पायी रस्त्याने. बाबांनी जायच्या आधी एक दिवस सकाळी ते अंतर स्वतः चालून पाहिलं, मोबाइल हातात धरून. पुढच्या गेटला २.०५ निघालं. १.९ फक्त मैदानामागच्या गेटला येतं, आणि ते गेट शाळेच्या वेळात कुलपात असतं, फोटो आहे. त्यावर ओप्रा टाकलीये, म्हणजे आपली माहिती अधिकाराची बहीण, की आमच्या पत्त्याचं अंतर कुठल्या गेटपर्यंत मोजलं ते कागद द्या. कामाचे सात दिवस असतात त्यांच्याकडे, आज पाचवा. उत्तर आलं की इथेच अपडेट करतो.